सांगलीच्या पुलावरून गेलेली ट्राम

सांगलीत ट्राम नाही. कधीच नव्हती. पुढे होईल असंही वाटत नाही. आमच्याकडे सिटी बस वेळेवर आली तरी लोक तिच्यात चढायच्या आधी तिच्याकडे संशयानं बघतात. तरीही थंडीतल्या एका सकाळी, कृष्णेवरचं धुकं अजून उठायचं होतं तेव्हा, सांगलीवाडीकडून सांगलीकडे जुन्या पुलावरून एक ट्राम गेली. दोन डब्यांची, घंटा वाजवत. मी स्वतः तिचा कंडक्टर होतो, त्यामुळे या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. ती एकदाच गेली. शेवटी शेवटी तर तिला ढकलावं लागलं. पण गेली.

हे सगळं झालं माझ्या काकीमुळे. काकी म्हणते, काकांमुळे.

आमचं मूळ गाव कडेगावच्या बाजूला. तिकडून ऊस कारखान्याला जातो आणि माणसं परमुलखाला. दर घरातला एक तरी गडी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कुठंतरी लांब असतो; गलाई म्हणतात त्याला. कुणी मदुराईत, कुणी कानपुरात, कुणी गुवाहाटीत. माझे काका कलकत्त्यात होते. मिसरूड फुटायच्या आधी गेले आणि गुडघे बोलायला लागल्यावर परत आले. मधली सगळी वर्षं काकी गावात. सासू, दोन म्हशी, उसाचं रान आणि वर्षातून दोनदा येणारा नवरा. एकदा दिवाळीला, एकदा गावच्या यात्रेला. मूलबाळ झालं नाही, म्हणून दोघांचं प्रेम करायचं आणि शिव्या द्यायचं खातं माझ्याकडे आलं.

काका आले की संध्याकाळी अंगणात ट्राम सुरू व्हायची. घरातल्या ताटांतलं सगळ्यात जड ताट ते पायाखाली घ्यायचे, पाठीमागे आम्हां भावंडांची रांग, आणि टाचेनं ताटावर हाणायचे. टंग! टंग!

"डायवर हातानं वाजवत न्हाई घंटा," ते सांगायचे. "पायानं वाजवतोय. रस्त्याच्या मधनं जाती. कुनाला बाजू देत न्हाई, कुनाची घेत न्हाई. आन नदीवरचा पूल केवढा म्हनतोस? ह्या टोकाला तोंडात घातलेला विडा त्या टोकाला रंगतोय."

आम्ही ओरडायचो. मग ते आवाज खाली आणायचे, कारण आता मुख्य प्रवेश यायचा.

"आन आत बाकावर नवरा-बायकू शेजारी शेजारी बसल्याली. खांद्याला खांदा लावून. कुनी बघत सुदिक न्हाई."

दारात काकी ज्वारी पाखडत असायची. या वाक्याला सूप थांबायचं.

"पुढच्या खेपंला तुझ्या काकीला घिऊन जातो म्हनावं," काका म्हणायचे. मला म्हणायचे, काकीला नाही. त्या दोघांचं आयुष्यभराचं बोलणं असं तिसऱ्याच्या अंगावरून व्हायचं. चारचौघांत नवरा-बायकोनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही, एका बाकावर बसायचं नाही, रस्त्यानं चालताना त्यानं पुढे आणि तिनं मागे. गाडी कुणाचीही असो, काका ड्रायव्हरशेजारी आणि काकी पाठीमागे बायकांत. यात भांडण नव्हतं. रीत होती. मी लहानपणी किती निरोप पोचवले असतील! दोघं एकाच चुलीपुढे बसलेली, मध्ये मी, आणि काका म्हणायचे, "तुझ्या काकीला सांग, कालवणात मीठ कमी हाय." मी मान वळवायच्या आत काकी म्हणायची, "त्यास्नी सांग, बरणी त्यांच्या हाताशीच हाय."

पुढची खेप काही आली नाही. कधी सासू आजारी, कधी म्हैस व्यायला झालेली, कधी उसाला तोड आलेली. काकीनं मग आपल्यापुरती एक ट्राम बनवून घेतली. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. दोन डबे, मध्ये दांडा, बैलाच्या चालीनं रस्त्याच्या मधोमध, आणि मागे खोळंबलेल्या सगळ्या जगाच्या शिव्या. ते धूड दिसलं की काकी पदर सावरत म्हणायची, "आली बघ तुझ्या काकाची ट्राम." आमच्या सगळ्या घराची समजूत तीच. मी मोठेपणी खऱ्या ट्रामचं चित्र पाहिलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो, यात ऊस कुठं भरतात?

आता दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. काका परत आले, आणि त्यांच्या सांगण्यानुसार तिकडे त्या मोठ्या पुलावरून ट्राम जायचीही कधीच बंद झाली. मी सांगलीवाडीत राहतो. गेल्या हिवाळ्यात काकीला धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले, तेव्हा मी दोघांना घरी घेऊन आलो. आपल्याकडे माणूस आजारी पडला की आधी देवाला आणि लगेच मिरजेला नेतात. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि समजावून सांगितलं, "आजी, तुमच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. त्यामुळे फुफ्फुसात पाणी साठतंय."

"किती फूट झालंय?" काकीनं विचारलं.

डॉक्टर बाहेरचे असावेत. माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे पुलाजवळ नदीची पातळी बघितल्याशिवाय कुणी घाबरत नाही."

"इशारा हाय का धोका हाय, तेवढं सांगा," काकी म्हणाली.

"धोका आहे," डॉक्टर हसत म्हणाले; मग हसू पुसून म्हणाले, "झडप बदलावी लागेल. फार थांबू नका."

काकीनं मान डोलावली, लुगड्याचा काठ नीट केला, आणि घरी येऊन जाहीर केलं की ती ऑपरेशन करून घेणार नाही.

आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. मी तर समजावण्याचा माणूस. इथल्या हौशी नाटकांत मी आजवर तीन जणांना मरता मरता वाचवलं आहे. काकीवर काही चाललं नाही. काका भिंतीला टेकून बसले होते. शेवटी त्यांनी मला सांगितलं, "तिला म्हनावं, करून घी."

"त्यास्नी म्हनावं," काकीचं उत्तर तयारच होतं, "आदी ट्राममधनं फिरवा. मग काय चिरायचं ते चिरा."

माझी बायको हसली, मी हसलो. काका हसले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

मला ते पुलावर सापडले. काका माझ्याकडे आले की रोज संध्याकाळी त्या जुन्या पुलावर जातात, कठड्याला हात टेकून उभे राहतात आणि आल्यावर सांगतात की वारं तिकडच्या पुलासारखंच आहे, फक्त नदी जरा गावंढळ आहे. त्या दिवशी नदीबद्दल काही बोलले नाहीत.

"काका, ती थट्टा करतेय," मी म्हटलं.

"थट्टा न्हाई रं. तिला नको म्हनायचंय. आन मला तोंड उघडता येऊ ने, म्हनून ती ट्रामचं नाव घेती. ती व्हायची न्हाई हे तिला बी ठावं हाय." ते पाण्याकडे बघत राहिले. "मी काय म्हनून सांगू तिला, जग म्हनून? कवा बसलोय मी तिच्यापाशी?"

मी नाटकातला माणूस. समोर इतकी मोठी जागा रिकामी दिसली की माझा हात आपोआप सेटकडे जातो. परत येता येताच माझ्या डोक्यात ट्राम उभी राहिली होती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती चहा गाळत होती. बायको साताऱ्याची. तिच्या माहेरी बोलण्याआधी विचार करायची पद्धत आहे, त्यामुळे आमच्याकडे तिचं कुणाशी पटत नाही.

"तिला ट्राम नकोय," ती म्हणाली.

"अगं, तिनं स्वतः सांगितलं!"

"काल माझ्याशी भाजी निवडताना काय म्हणाली माहितेय? दर दिवाळीनंतर ती कडेगावच्या स्टँडवर त्यांना पोचवायला जायची. एसटी सुटायच्या आधी ती खिडकीखाली उभी. कंडक्टर विचारायचा, किती? आणि काका सांगायचे, एक. म्हणाली, तेवढं कानात राहिलंय. आणि आता तर सरकारनं म्हाताऱ्यांना एसटी फुकट केली. आता त्यांनी माझं तिकीट काढायचं राहिलं ते राहिलंच." तिनं गाळणी आपटली. "तुम्ही बनवा तुमची ट्राम. पण त्या दोघांना शेजारी बसवा म्हणजे झालं."

मिरजेला माझा एक जुना मित्र आहे. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. हा एकटाच यात्रेतल्या पाळण्यांकडे वळला. आमच्या नाटकांचे सेटही तोच लावतो. त्याच्याकडे मुलांना फिरवायची बॅटरीवरची आगगाडी आहे. रबरी चाकं, पुढे इंजिन, मागे दोन डबे. इंजिनाला सशाचं तोंड आणि ससा दात काढून हसतोय.

"भाई, हिची ट्राम करायची," मी म्हटलं.

त्यानं का म्हणून विचारलं नाही. खऱ्या कलावंताची हीच खूण. त्यानं विचारलं, "घंटा कुठल्या सुरात पाहिजे?"

घंटा आम्ही नाट्यगृहातली मिळवली; तिसरी घंटा देतात ती. त्यानं ती बोटानं वाजवून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि ड्रायव्हरच्या पायाशी अशी बसवली की टाच मारली की वाजेल. सशाच्या तोंडावर आडवी पाटी लावायची ठरली. नवं प्लाय कुठून आणणार? आमच्या ग्रुपच्या सामानातली एक पाटी घेतली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर रंगवलं, 'सांगलीवाडी – मिरज'. ट्रामला कुठून कुठं जाते ते लिहिलेलं असतं, असं काका सांगायचे. गाडी पुलापलीकडेही जेमतेम जाणार होती, पण पाटी भारदस्त पाहिजे. मित्रानं आधीच बजावलं होतं, "बॅटरी पूल ओलांडेल. जास्तीची बोली नाही."

परवानगी घेतली का, असं कृपा करून विचारू नका. रविवारची सकाळ होती आणि जड गाड्या हल्ली शेजारच्या नव्या पुलावरून जातात, एवढंच मी सांगेन.

काकीला आम्ही फिरायला म्हणून बाहेर काढलं. माझी गाडी बायकोनं आधीच पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली होती, कारण काकीला परत चालवत आणायचं नव्हतं. काकी चार पावलं टाकून थांबत, चार टाकून थांबत पुलाच्या तोंडाशी आली आणि तिनं ते पाहिलं. मित्रानं झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मी खाकी कोट, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटं. तिकिटं आमच्या गेल्या प्रयोगाची होती. ती ढिगानं उरली होती. मित्रानं टाच मारली. टंग! टंग!

काका नेहमीसारखे पुढे चालत येऊन कठड्यापाशी उभे होते. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. ते घंटेच्या आवाजाला असे वळले की मला वाटलं, आता धावत जाऊन दांडा पकडतील.

काकीनं सगळ्यात आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा कोट तू त्या नाटकात घातला हुतास न्हवं, ज्यात तुला बँडवाला केलं हुतं?"

"काकी, ट्राम आली. चढ."

ती पुढे झाली. डब्यांवरून हात फिरवला. दोन डब्यांमधला दांडा वाकून बघितला आणि खूश झाली. "बघ, मी सांगत हुती का न्हाई, दांडा आसतोय!" मग तिची नजर पाटीवर गेली. काकीला अक्षर लावून वाचता येतं. तिनं एकेक अक्षर लावलं, आणि तिचा चेहरा दार लावावं तसा मिटला.

"मिरज? म्हंजे मला फसवून तिकडंच न्यायला निघालायसा व्हय?"

"नाही गं, ती नुसती शोभेला..."

"मी माझ्या पायानं परत जाती."

"थांब, थांब! भाई, पाटी उलटी कर!"

मित्रानं स्क्रू काढले, पाटी फिरवली, घाईनं परत ठोकली. पाटीच्या त्या बाजूला काय आहे हे आम्हां दोघांपैकी कुणीही बघितलं नाही. काकी बघत नव्हती. ती काकांच्या चपलांकडे बघत होती. काका पुढच्या डब्यातल्या बाकावर जाऊन बसले होते. अगदी कडेला, अंग चोरून, शेजारची सगळी जागा रिकामी ठेवून. काकी चढली आणि त्या जागेच्या दुसऱ्या कडेला बसली. दोघांच्या मध्ये एक धडधाकट माणूस बसला असता. पण बाक एकच होतं.

टंग! ट्राम निघाली.

मी मागच्या फळीवर उभा राहून माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम दिग्दर्शन बघत होतो. खाली नदीवर धूर निघावा तसं धुकं. एक मोटारसायकलवाला थांबून बघायला लागला. आणि पुलाचा थोडा भाग मागे पडतो न पडतो तोच पुढे वांग्याच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या चार-पाच बायका दिसल्या. त्यांनी हात केला. मित्र सज्जन माणूस. त्यानं थांबवली.

"आवं, बाजारापतूर सोडतासा का?" सगळ्यांत पुढची, चांगली ऐसपैस बाई विचारत होती. मग तिनं इंजिनावर बघितलं. "इचारायचं काय त्यात? लिवलंय की ढळढळीत. चढा गं!"

मी फळीवरून उतरून इंजिनापुढे गेलो आणि बघितलं. ती पाटी आमच्या मेकअपच्या खोलीची होती. 'फक्त स्त्रियांसाठी'.

मी फळीवर परत येईपर्यंत डबे भरले. पाट्या, वांगी, बांगड्या, हसणं. ऐसपैस बाई पुढच्या डब्यात शिरली, काकांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आवं आजोबा, उठा. बायकांची गाडी हाय ही. दिसंना व्हय?"

आणि काका उठले!

वाद नाही, हरकत नाही. "व्हय व्हय, बसा," असं म्हणून उठले, खाली उतरले आणि मागे येऊन माझ्याशेजारी फळीवर दांडा धरून उभे राहिले. जन्मभर ज्या माणसानं बाई दिसली की बाक सोडलं, त्याच्या पायांना ट्राम कुणासाठी बनवली आहे हे कुठून कळणार? बाई काकांच्या जागी बसली आणि वांग्यांची पाटी मधल्या रिकाम्या जागेत अशी चपखल बसली की जणू ती जागा तिच्यासाठीच ठेवली होती.

टंग! ट्राम पुढे निघाली. मी कपाळ बडवून घेतलं. कोट खाकी असल्यानं ते कुणाला वावगं वाटलं नाही.

काकी सरळ समोर बघत होती. मागे एकदाही वळली नाही.

"कुठं निघालासा आज्जी?" बाईनं गप्पा सुरू केल्या. "एकल्याच? संगट कोन न्हाई?"

"हाय की," काकी म्हणाली. "आसंल मागं कुटंतरी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच तर वाईट होतं. कडेगावच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पायरीवर कुणीही विचारलं असतं तरी तिनं इतक्याच सहज हेच सांगितलं असतं. मागं कुटंतरी. कलकत्त्याला.

दांड्यावरचा काकांचा हात मला दिसत होता. तो घट्ट झाला.

"थांबीव," ते म्हणाले.

"काका, आता मधेच..."

"थांबीव म्हनतो न्हवं!"

मी ओरडलो, मित्रानं ब्रेक लावला. आम्ही बरोबर पुलाच्या मध्यावर होतो. मागे दोन स्कूटर आणि एक दूधवाला खोळंबले आणि हॉर्न वाजवायला लागले. काका फळीवरून उतरले. गुडघ्यावर हात ठेवत, डब्याच्या कडेकडेनं चालत पुढे गेले आणि ऐसपैस बाईसमोर उभे राहिले.

"बाई, मला तेवढी जागा द्या."

"आता काय सांगायचं, आजोबा! बायकांची गाडी..."

"आसू द्या." काकांचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्या पुलानं ऐकला. "ही माझी बायकू हाय. मला तिच्यापाशी बसायचंय. लय वर्सं ऱ्हायलंय."

हॉर्नसुद्धा थांबले, असं मी शपथेवर सांगतो. पलीकडच्या टोकाला गाडीपाशी थांबलेल्या बायकोनं नंतर म्हटलं की दूधवाला तेवढ्यात पुढे निघून गेला होता, म्हणून. असेल.

ऐसपैस बाईनं आधी काकांकडे बघितलं, मग काकीकडे. मग तिनं वांग्यांची पाटी दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली आणि स्वतः समोरच्या कोपऱ्यात सरकली. "बसा की! आमचा म्हातारा जलमात एकदा आसं बोलला आसता तर मी त्याला टॅक्टर घिऊन दिला आसता."

मागच्या डब्यातल्या एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरीनं डोळ्यांना.

काका बसले. या वेळी कडेला नाही. काकीचा खांदा थोडासा दचकला आणि मग तिथेच राहिला. दोघंही नदीकडे बघत होती. कुणी बघत नसतं, असं काका सांगायचे. इथे अख्खा पूल बघत होता.

अशा वेळी खऱ्या कंडक्टरनं काय करावं? मी पिशवी सावरली, पुढे गेलो आणि माझ्या सर्वांत कोरड्या आवाजात म्हटलं, "तिकीट?"

"दोन," काका म्हणाले.

काकीचा हात पदराशी चाळा करत होता. तो थांबला.

"दोन कुठली?" मी विचारलं.

 काकांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं तोंड उघडलं, 'तिला इचार' असं म्हणायला. मी मुद्दाम तिकिटांकडे बघत राहिलो. माझ्याकडून निरोप जाणार नव्हता. माझ्या निरोप्याच्या नोकरीचा तो राजीनामा होता.

काका वळले. थेट तिच्याकडे.

"कुठलं काढू गं?"

 काकीनं कमरेच्या पिशवीतून एक नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि कठड्यावरून नदीत टाकलं. पुलावरून जाताना कृष्णामाईला सगळेच टाकतात. हात जोडले. धाप लागली होती, ती बसेपर्यंत थांबली. आम्ही सगळे थांबलो. वांगी थांबली.

"ती पाटी सरळ करायला सांगा त्याला," ती काकांना म्हणाली. स्वतः, सरळ, त्यांच्या तोंडाकडे बघून. "आन येकटीला सोडून भाईर बसायचं न्हाई तितं."

"न्हाई बसत."

"मग काढा मिरजेची."

मी दोन तिकिटं फाडून काकांच्या हातावर ठेवली. त्यांनी एक स्वतःच्या खिशात घातलं आणि एक तिला दिलं. मित्रानं पाटी फिरवली. त्याचे डोळे धुक्यानं ओले झाले होते असं तो म्हणतो.

बॅटरीनं पुलाच्या टोकाच्या थोडं अलीकडे राम म्हटलं. ऐसपैस बाईनं खाली उतरून पदर खोचला आणि सगळ्यांना कामाला लावलं. काका-काकींना मात्र उतरू दिलं नाही. अशी ट्राम सांगलीत शिरली, पुढे झेंडू, मागे वांगेवाल्या बायका आणि एक कंडक्टर ढकलतोय. टोकाला हवालदार उभे होते. त्यांनी सावकाश पाटी वाचली.

"हे मिरजेला चाललंय?"

"व्हय," आतून काकी म्हणाली. "जोडीनं."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, आत बघितलं, आणि का कोण जाणे, हातानं वाट करून दिली.

झडप बदलली, त्यालाही आता वर्ष होत आलं. काकी बरी आहे. जिन्यावर मला मागे टाकते आणि वर उभी राहून माझ्या पोटाबद्दल बोलते. लोक मला विचारतात, त्या सकाळचं सगळ्यात चांगलं काय आठवतं? त्यांना वाटतं मी पुलाचा मध्य सांगेन. पण मला आठवतं ते त्यानंतरचं. बायको गाडी घेऊन थांबली होती. काकी तयार झाल्याचं कळताच तिनं आम्हाला थेट मिरजेला जायला सांगून मला चावी दिली आणि ती घराकडे गेली, दवाखान्याचं सामान भरायला. काकीला आम्ही मागच्या सीटवर बसवलं. मी सवयीनं पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरशेजारचं, काकांसाठी. ते आले, त्यांनी ते दार बाहेरूनच लावून टाकलं, मागचं उघडलं आणि आत शिरून तिच्याशेजारी बसले.

"चल रं," ते म्हणाले.

मी चावी फिरवली, आणि मोह आवरेना म्हणून तोंडानं म्हटलं, "टंग! टंग!"

"पायानं वाजवत्यात ती," पाठीमागून काकी म्हणाली. "येवढं बी कळंना व्हय तुला?"